बटणाचा मान

जळालेल्या जागी मी सगळ्यांच्या शेवटी पोचतो. आधी अग्निशमनवाले, मग पोलीस, मग नातेवाईक, मग विमा कंपनीचा सर्व्हेयर. या सगळ्यांचे बूट राखेवर उमटून झाले की मला फोन येतो. आग कुठून लागली आणि का लागली, एवढंच मला शोधून लिहायचं असतं. शिक्षणाने मी विद्युत अभियंता. वीसेक वर्षं कारखान्यांतल्या मोटारी आणि पॅनेलं सांभाळली, आणि आता विरारच्या फ्लॅटमध्ये एका कोपऱ्यात टेबल टाकून हेच काम करतो. लोक मला 'विमावाले' म्हणतात. समोर चहा देतात आणि पाठ वळली की शिव्या घालतात. त्यांचं चुकतं असंही नाही, कारण माझ्या येण्याने कुणाचं भलं झाल्याचं मला फारसं आठवत नाही. बायको म्हणते, तुम्ही लग्नाला गेलात तरी नवरानवरीच्या आधी मांडवाची वायरिंग बघता. बघतो खरा, आणि मग जेवण गोड लागत नाही.

माझं सगळं काम थरांवर चालतं. राख फावड्याने उपसायची नाही, ब्रशने एकेक थर काढायचा आणि चाळायचा. जे खाली असेल ते आधीचं, जे वर असेल ते नंतरचं. एवढी साधी गोष्ट आहे, पण आमच्या वसईकडे ती जमत नाही, कारण आमच्या लोकांना घाण बघवत नाही. पाणी ओसरलं की पाइप लावून धुतात. जळलं की दुसऱ्या दिवशी झाडून काढतात. 'अहो, आहे तसं राहू द्या' म्हटलं तर 'असं कसं ठेवायचं, लोक भेटायला येणार' हे उत्तर ठरलेलं. या एका वाक्यापायी मी पुष्कळांवर चिडलो आहे. त्या गाळ्यात मात्र कोणी झाडू लावला नव्हता. लावला असता तर बरं झालं असतं, असं मला पुढे अनेकदा वाटलं.

गाळा कामणच्या रस्त्याला लागून होता. त्या वर्षी परतीचा पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला. दसऱ्याला पाच दिवस असताना चिंचोटीच्या डोंगरावरचं पाणी आणि खाडीची भरती एकाच दुपारी आली, आणि ओळीतल्या सगळ्या गाळ्यांत गुडघाभर पाणी शिरलं. ते उतरायला दीड दिवस लागला. या गाळ्यात दाराच्या बिजागऱ्या व्हायच्या. पत्रा कापणारा एक पॉवर प्रेस, एक ड्रिल मशीन, पॅकिंगचं टेबल आणि भिंतीला लावलेली पुठ्ठ्याची खोकी, एवढाच पसारा. मालक खाडीकाठच्या गावातला, चाळिशी उलटलेला. दसऱ्याच्या दिवशी प्रेसची मोटार जळाली, खोक्यांनी पेट घेतला आणि अर्धा गाळा गेला. त्याच दिवशी मालकही गेला. क्लेमच्या अर्जावर कारण लिहिलं होतं, 'पुराच्या पाण्यामुळे शॉर्ट सर्किट'.

शटर उघडायला त्याची बायको आली. तेरावा होऊन चारच दिवस झाले होते. कुलूप काढायच्या आधीच ती म्हणाली, "साहेब, एक विनंती आहे. घरी सासरे आहेत. त्यांच्यासमोर शॉकचं नाव काढू नका. आम्ही त्यांना हार्ट अटॅक सांगितलाय. गावात सगळ्यांना सांगून ठेवलंय तसं."

"का?" मी विचारलं.

"मशीनचं बटण त्यांनी दाबलं होतं."

दसऱ्याला तिकडे प्रत्येक गाळ्यात यंत्राची पूजा होते. कामगारांना सुट्टी असते, मशीन पुसून लख्ख करतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात, नारळ फोडतात, आणि मग मशीन एकदा चालू करून बंद करतात. त्या दिवशी मशीन हललंच पाहिजे. नाही हललं तर पुढचं वर्ष अडतं, असं सगळे मानतात, अगदी डिप्लोमा झालेलेसुद्धा. या घरात मशीन चालू करायचा मान सासऱ्यांचा होता. घरात सगळे त्यांना बाबा म्हणतात, मीही तेच म्हणतो. बाबांनी जन्मभर भात लावला आणि उन्हाळ्यात मिठागरात राबले. मुलाने गाळा घेतला तेव्हा पहिल्या दसऱ्याला त्याने बाबांचं बोट धरून हिरव्या बटणावर ठेवलं. तेव्हापासून दर वर्षी हिरवं बटण बाबांचं आणि लाल मुलाचं. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यातल्या एकाचं ऑपरेशन बिघडलेलं. समोर कुणीतरी उभं आहे एवढं त्यांना कळतं, चेहरा दिसत नाही.

"हे मशीनवर स्वस्तिक काढत होते," ती सांगत होती. "बोट ओल्या कुंकवाचं. मी आरतीचं ताट घेऊन मागे. बाबांना वाटलं, झालं काढून." मग म्हणाली, "मी पूजेच्या पाटाने यांना ढकललं. सुटले. पण तोवर…"

ती आणि शेजारचे दोघे त्याला रिक्षात घालून धावले. बाबांना कोणीतरी बाहेर आणून बसवलं. मशीन चालू आहे याची कोणाला शुद्ध होती? बाबांनी लाल बटण आयुष्यात कधी दाबलं नव्हतं. ओली मोटार तशीच फिरत राहिली आणि शेवटी पेटली.

मी कामाला लागलो. तळाशी पुराचा गाळ होता, वाळून तडकलेला. गाळावर झेंडूच्या पाकळ्या आणि कुंकू होतं. त्याच्यावर काजळी. म्हणजे पाणी आलं तेव्हा काही जळालं नव्हतं. पाणी गेल्यावर, पूजा झाल्यावर मशीन मुद्दाम चालू केलं होतं. अर्जातलं कारण तिथेच कोसळलं. मी प्रेसच्या अंगावरची काजळी ब्रशने हळूहळू उतरवत गेलो आणि खालून स्वस्तिक वर आलं. तीन हात नीट काढलेले होते. चौथा सुरू झाला होता, आणि तिथून कुंकवाची रेघ थेट खाली, पार पायथ्यापर्यंत ओढली गेली होती. मी त्याचे फोटो काढले, शेजारी पट्टी ठेवून मापं घेतली. डोळ्यांत पाणी आलं ते काजळीवर ढकललं.

मग मेन पॅनेल उघडलं. आतमध्ये एक स्विच असतो. मशीनच्या अंगात वीज उतरली आणि कुणाला झटका बसायला लागला, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत तो लाईन तोडतो. तो स्विच होता, चांगल्या कंपनीचा होता, पण त्याच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत वीतभर तांब्याची वायर जोडली होती. आमच्या धंद्यात याला 'डायरेक्ट करणं' म्हणतात. सारखा ट्रिप होतोय ना, मग करा डायरेक्ट. वसई-विरारमध्ये असे डायरेक्ट केलेले स्विच मी किती बघितलेत त्याची गणती नाही. मशीनची अर्थिंगची पट्टी तर खाऱ्या हवेने केव्हाच खाऊन टाकली होती. वायर नवी होती, टोकं हल्लीच सोललेली. मोटारीशेजारी दोन हॅलोजन दिवे मोटारीकडे तोंड करून ठेवलेले सापडले. ओली मोटार त्यांनी वाळवायची हा इथला सर्रास उपाय, पण वरून कोरडी वाटणारी मोटार आतून कोरडी व्हायला दोन-तीन दिवस पुरत नाहीत.

मी तिला विचारलं, "आदल्या दिवशी इथे कोण आलं होतं?"

"हेच. एकटेच. मशीन चालू केलं की लाईट जातेय म्हणून संध्याकाळभर खटपट करत होते. मी म्हटलं, या वर्षी राहू द्या, नुसती पूजा करू. तर म्हणाले, बाबांनी बटण दाबलं आणि मशीन हललं नाही तर त्यांच्या मनाला लागेल. काहीतरी करतो." ती माझ्या हातातल्या वायरकडे बघत होती. "काय आहे ते?"

मी सांगितलं. लपवायचं कशाला, असं वाटलं. हा स्विच जागेवर असता तर बटण कोणीही दाबलं असतं तरी तुमचे यजमान आज असते, हेही सांगितलं.

"म्हणजे बाबांमुळे नाही झालं," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "म्हणजे यांच्याच हाताने झालं."

मी वायर पुराव्याच्या पिशवीत घातली.

"लिहावं लागेल?"

"हो."

तिने मान हलवली आणि शटरपाशी जाऊन उभी राहिली. लिहू नका, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी तिच्यावर चिडलो असतो आणि मला सोपं गेलं असतं.

पद्धत अशी आहे की घटनेच्या वेळी हजर असलेल्या प्रत्येकाचा जबाब घ्यायचा, त्याच्याच शब्दांत लिहायचा आणि त्याची सही घ्यायची. बाबांचा जबाब मी टाळू शकलो असतो. 'वयोवृद्ध, दृष्टिदोष' एवढं लिहिलं असतं तर कोणीही हरकत घेतली नसती. पण मला वाटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे कुणाला द्यायला चांगली बातमी आहे. घरचे त्यांना शॉकचं कळू देत नव्हते, कारण मग बटणाचा दोष त्यांच्यावर येणार. आणि माझ्याकडे तर त्या दोषातून त्यांना सोडवणारा पुरावा होता. वेळ आलीच तर सांगू, असं ठरवून मी स्कूटर काढली. स्वतःच्या शहाणपणाचा मला तेव्हा फार भरवसा होता.

घर गावाच्या टोकाला होतं, मागे खाडीचं खारं पाणी येणारी खाजणाची जमीन. ओटीवर बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. सून चहा टाकायला आत गेली. नात कॉलेजला गेली होती. बाबांनी सुनेची पावलं लांब जाईपर्यंत कान दिला आणि मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "साहेब, शॉकच होता ना?"

मी बॅगेतून जबाबाचा कागद काढला.

"डोळ्यांनी दिसत नाय मना, पन कान हायेत. बटन दाबला नि तो 'बा' म्हनाला. अर्धाच म्हनाला. हार्टचा मानूस असा नाय वरडत. ही सगळी मना हार्ट सांगतात, मी पन हो हो करतो. तेवढंच त्यांना बरं वाटतं."

म्हणजे घर त्यांना जपत होतं, आणि ते घराला जपत होते. मला राहवलं नाही. त्यांच्या खुर्चीजवळ स्टूल ओढून मी सगळं सांगितलं, स्विच काय असतो, तो काय करतो. माझ्या बॅगेत तेवढ्याच लांबीचा एक वायरचा तुकडा होता, तो त्यांच्या तळहातावर ठेवला. "बाबा, तुमच्या बटणाने काही झालं नाही. हे झालं ते एवढ्या वायरने. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

त्यांनी तो तुकडा बोटांत फिरवला, टोकाला चाचपला. "एवढीशी?"

"एवढीच."

"कोनी लावली?"

इथे माझी चूक झाली. उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून मी सवयीने उलटा प्रश्न विचारला. जबाब घेताना नेहमी विचारतो तोच. "पॅनेल उघडणारं तिथे दुसरं कोणी होतं का?"

तोंडातून शब्द गेला आणि मला कळलं की आपण काय केलं. बाबांचा हात थांबला. आत कपबशांचा आवाज येत होता. मग ते बोलले, तेव्हा माझ्याशी बोलत होते की स्वतःशी ते मला कळलं नाही.

"माझं बटन नि देवाची मर्जी, असं धरून बसलो होतो मी. त्याच्यात पोराचं काय नव्हतं. पोरगा साफ होता."

मी म्हटलं, "बाबा, सगळेच करतात हो असं. रोज बघतो मी."

"कागदावर लिहिनार तुमी?"

"लिहावं लागतं."

"मंग लिहा, वायर मी लावली."

"बाबा, तुम्हाला दिसत नाही. पॅनेल कुठे आहे तेही तुम्हाला ठाऊक नाही."

"ठाव हाय. लिहा तुमी." आवाज चढला नाही, पण माघारही नव्हती. "माझी नात हाय. बापानं आपल्याच हातानं हे केलं, हे ती पोर जन्मभर घेऊन फिरेल. माझ्यावर घातलं तर काय? मी असा कितीसा राहनार? लिहा, साहेब."

जबाब देणाऱ्याच्या शब्दांत लिहायचा असतो. मी लिहिला. 'वायर मी लावली.' त्यांच्या बोटात पेन दिलं, कागदावर जागा दाखवली. त्यांनी तिरकी, एकावर एक चढलेली अक्षरं काढत सही केली. तेवढ्यात सून चहा घेऊन आली, आणि बाबा तिला म्हणाले, "साहेबांना खारी दे, लांबून आलेत."

घरी येऊन मी अहवाल लिहिला. जबाबाखाली लिहिलं की जबाब देणाऱ्याची दृष्टी आणि वायर जोडण्याचं काम बघता हा जबाब ग्राह्य धरता येत नाही. वायर खुद्द मालकानेच जोडली असावी, असा निष्कर्ष काढला. एका बापाचं खोटं मी मुद्देसूद खोडून काढलं, आणि ते काम चांगलं केलं. ती वायर मुलाने का लावली, कोणाच्या मानासाठी लावली, हे मी बाबांना सांगितलं नव्हतं आणि अहवालातही लिहिलं नाही. हेतूचा रकाना माझ्या अहवालात नसतो. त्यांनी तो स्वतःच ओळखला असेल का, हा विचार मात्र मला अजून सोडत नाही. पुढे आगीचा क्लेम काटछाट होऊन मंजूर झाला, मालकाच्या अपघाती मृत्यूच्या विम्याचा नामंजूर झाला. पत्रात 'सुरक्षा उपकरण निष्क्रिय केल्यामुळे' एवढंच लिहिलं होतं, कोणी केलं ते नव्हतं. गाळा त्यांनी भाड्याने दिला.

पुढच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. बाबांनी ते सगळ्यांना सांगितलं होतं. नातीला, भावकीला, दुकानात, देवळात, जो भेटेल त्याला, 'वायर मीच लावली, माझ्यामुळे गेला.' ज्या गावाने त्यांना जपायला हार्ट अटॅक पाठ केला होता, त्याच गावातले काही जण आता त्यांना बघून रस्ता बदलत होते. आणि नातीने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. पाच महिने एका घरात राहून एक शब्द नाही. त्यांचं ताट ती वाढत नव्हती. आईने खरं सांगून बघितलं, तर म्हणाली, तू आजोबांना वाचवतेस आणि पप्पांवर ढकलतेस.

"तुम्ही या साहेब," ती म्हणाली. "तुमचं ऐकेल ती. तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. मला बाबांचे हाल बघवत नाहीत."

मी रविवारी गेलो. फोटो पाकिटात घालून नेले होते, कुंकवाच्या रेघेचे सोडून. बाबा त्याच खुर्चीत होते, खूप वाळलेले. माझा आवाज ओळखला आणि हातातली काठी घट्ट धरली. मुलगी आतून आली. तोंडावरून ती बापावर गेली असावी, आईसारखी अजिबात नव्हती. ती बसली नाही. आई दारात उभी होती.

"सर, मला एकच सांगा," मुलगी म्हणाली. "ती वायर आजोबांनी लावली होती का?"

बाबा खुर्चीत पुढे झुकले. त्यांनी चेहरा माझ्या दिशेला केला होता, आणि ते दिसत नसलेले डोळे माझ्यावर ठेवले होते. त्यांच्या ओठांची हालचाल चालली होती, पण आवाज नव्हता. माझ्या हातात पाकीट होतं. साहेब लोकांसमोर, वकिलांसमोर, रडणाऱ्या मालकांसमोर मी कधी खोटं बोललो नव्हतो, आणि त्याचा मला गर्व होता. ती पोर माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की तिला कोणतं उत्तर हवंय. तिला तिचा बाप हवा होता.

"हो," मी म्हणालो. "त्यांनीच लावली होती."

ती वळून आत गेली. आतलं दार लागलं. आईने माझ्याकडे बघितलं, आणि तसं कोणी माझ्याकडे याआधी बघितलं नव्हतं. मी पाकीट बॅगेत घातलं आणि ओटीवरून उतरलो. तिने मला थांबवलं नाही, काही विचारलंही नाही. स्कूटर चालू करेपर्यंत बाबा मागून आपले म्हणत होते, "बरं झालं, साहेब. लय बरं झालं."